मोबाइलच्या लहरी : भीती किती, काळजी किती?

गेल्या आठवड्यात एक भगिनी दवाखान्यात आल्या. "डॉक्टर, शेजारच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर आहे. लेकरं लहान आहेत. घर विकावं का?" तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. रेंज अपुरी, म्हणून फोन कानाशी दाबून त्या बराच वेळ बोलत राहिल्या!

वाचकहो, या रेडिओलहरी क्ष-किरणांप्रमाणे पेशींतील जनुके तोडत नाहीत. त्या शरीराला किंचित ऊब देतात. शरीर शोषून घेते ती ऊर्जा 'एसएआर' या मापाने मोजतात. भारतात सप्टेंबर २०१२ पासून मोबाइलसाठी ही मर्यादा किलोमागे १.६ वॅट आहे. स्टार, हॅश, ०, ७, हॅश दाबल्यास बहुतेक फोन आपला आकडा दाखवतात. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या लहरी 'कदाचित कर्करोगकारक' गटात घातल्या. मात्र पुरावा मर्यादित असल्याचेही नमूद केले.

अंतर वाढले की लहरींची तीव्रता झपाट्याने घटते. म्हणून डोक्याला टॉवरपेक्षा कानाशी धरलेल्या फोनच्याच लहरी अधिक लागतात. शिवाय रेंज कमी असली की फोन अधिक जोर लावतो.

त्या भगिनींना मी एवढेच सांगितले : घर विकू नका. रेंज नसेल तेथे बोलणे आवरते घ्या, स्पीकर किंवा इअरफोन वापरा आणि रात्री लेकरांच्या उशाशी फोन ठेवू नका.