'जशीच्या तशी' डिजिटल कॉपी देताय? आधी सिद्ध करा!

जुन्या टेप कॉम्प्युटरवर घेऊन देण्याचं काम सुरू करायचंय, असं बरेच जण विचारतात. चांगलं काम आहे, भांडवलही फार लागत नाही. पण 'ओरिजिनलसारखीच कॉपी मिळेल' हे वाक्य बोर्डावर लिहिण्याआधी थोडं थांबा.

कॅसेट आणि एलपी ॲनालॉग असतात, त्यामुळे तिथे चांगली कॉपी मिळते, 'जशीच्या तशी' मिळत नाही. सीडी आणि डॅट डिजिटल. तिथे प्रत्येक बिट तोच उतरू शकतो, यालाच बिट-परफेक्ट म्हणतात. डॅट सोनीनं १९८७ मध्ये आणली. आज चालू मशीन मिळणंच अवघड. ग्राहकाची टेप पुन्हा कधी वाजेल याची खात्री नाही, म्हणून आपली सेटिंग टेप घालायच्या आधी तपासलेली हवी.

गडबड कुठे होते?

१. सॅम्पल रेट. सीडी ४४.१ किलोहर्ट्झ, डॅट बहुतेक वेळा ४८. विंडोजमध्ये दुसराच रेट असेल तर ते गुपचूप रूपांतर करतं. साउंड सेटिंगमधल्या प्लेबॅक आणि रेकॉर्डिंग, दोन्ही टॅबमध्ये डिव्हाइसच्या ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन रेट जुळवा. ऑडॅसिटीतही तोच ठेवा.

२. आवाज आणि 'सुधारणा'. एन्हान्समेंट बंद, व्हॉल्यूम १००. फूबार२००० मध्ये रिप्लेगेन बंद करून एक्सक्लुझिव्ह आउटपुट निवडा, म्हणजे विंडोजचा मिक्सर मध्ये येत नाही.

३. क्लॉक. डॅट मशीनमधून डिजिटल केबलनं घेताना इंटरफेसचं क्लॉक 'एक्स्टर्नल'वर हवं. नाहीतर मधून मधून टिक-टिक येते.

४. डिदर. ऑडॅसिटी १६ बिटमध्ये एक्स्पोर्ट करताना बारीकसा नॉइज मिसळते. क्वालिटी सेटिंगमध्ये डिदर 'नन' करा.

नल टेस्ट

इंटरफेसचं डिजिटल आउट त्याच्याच डिजिटल इनला जोडा. या टेस्टपुरतं क्लॉक 'इंटर्नल' ठेवा, कारण बाहेरचं दुसरं मशीनच नाही. एक वेव्ह फाइल फूबारमध्ये वाजवा, ऑडॅसिटीत विंडोज वासापी निवडून रेकॉर्ड करा. मग मूळ फाइल शेजारच्या ट्रॅकवर आणा, झूम करून सॅम्पलला सॅम्पल जुळवा, एक ट्रॅक इन्व्हर्ट करा आणि दोन्ही मिक्स करा. सगळं बरोबर असेल तर पूर्ण शांतता उरते.

काही उरलं तर तेच बोलतं:
- गाणंच हळू आवाजात ऐकू येतंय: व्हॉल्यूम किंवा रिप्लेगेन.
- सुरुवात जुळते, पुढे फरक वाढत जातो: रेट किंवा क्लॉक.
- मध्येच टिक येते: बफर वाढवा, यूएसबी हब काढून थेट पोर्टला लावा.
- सगळीकडे सारखा बारीक नॉइज: डिदर.

टेपचं काय?

ही टेस्ट तुमच्या कॉम्प्युटरची खात्री देते, टेपची नाही. डॅटचं हेड खराब असेल तर मशीन चुकलेला भाग अंदाजानं भरून काढतं आणि आपल्याला कळतही नाही. टेप धडधाकट असेल तर दोनदा रेकॉर्ड करा आणि त्या दोन फाइलींचीच नल टेस्ट करा. जुळल्या तर टेप नीट वाचली गेली असं मानायला भक्कम आधार आहे. नाही जुळल्या तर हेड साफ करून पुन्हा घ्या. टेप अगदीच नाजूक असेल तर दुसऱ्यांदा चालवायची की नाही, हे ग्राहकाला विचारूनच ठरवा.

धंद्याचं गणित

दुसऱ्या रेकॉर्डिंगला वेळ जातो. तो दरात धरा आणि बिलावर स्पष्ट लिहा: 'दोनदा घेऊन तपासलं'. ज्या टेपवर फरक राहिला, तिथे तेही लिहा. दर जास्त का, असं ग्राहकानं विचारलं तर ती सपाट रेघ स्क्रीनवर दाखवा.

आजच एक सीडीवरचं गाणं घेऊन टेस्ट करून बघा. ग्राहकाची टेप त्यानंतर!