कोलकात्यातला ग्रीक राजा

सत्ता माणसाला आंधळं करते का? अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्सच्या सोफोक्लिसने हा प्रश्न रंगमंचावर मांडला. 1964 मध्ये तो कोलकात्यात बंगालीतून पुन्हा उभा राहिला. ‘बहुरूपी’ या नाट्यसंस्थेने केलेलं ते नाटक म्हणजे ‘राजा ओयदिपौस’. दिग्दर्शक आणि नायक शंभू मित्र, राणी योकास्ता तृप्ती मित्र.

गोष्ट थोडक्यात अशी. नगरात साथ पसरली आहे. जुन्या राजाचा खुनी सापडला तरच ती हटेल. ओयदिपौस शोध सुरू करतो आणि माग त्याच्याच दारापाशी येतो.

मला सगळ्यात मोठा वाटतो तो म्हाताऱ्या धनगराचा प्रसंग. सत्य त्याच्या ओठांवर आलंय, पण तो बोलायला घाबरतो. राणीने आधीच विनवलंय, आता थांबा. राजालाही पुढचं कळून चुकलंय. हुकूम सोडून तो चौकशी तिथेच बंद करू शकला असता. तरी तो विचारतोच. माझ्या लेखी खरं धैर्य ते हेच!

मनुष्यस्वभावाची मेखही इथेच आहे. आंधळ्या भविष्यवेत्त्या तैरेसियसला सत्य दिसतं, डोळस राजाला दिसत नाही. राग आणि संशय त्याच्या आड येतात.

1964 मध्येच ‘बहुरूपी’ने रवींद्रनाथांचं ‘राजा’ही केलं. त्यातला राजा राणीला अंधारातच भेटतो. दोन्ही नाटकं एकापाठोपाठ वाचून पाहा.

पु. ल. देशपांड्यांनी सोफोक्लिसचं हे नाटक मराठीत आणलंय. ग्रंथालयात ‘राजा ओयदिपौस’ नक्की मागा.

#मराठीवाचन #नाटक