वस्ताद आणि पठ्ठा

वस्ताद पठ्ठ्याला सगळे डाव शिकवतो, पण एक राखून ठेवतो, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. ही गोष्ट फार जुनी आहे. शेख सादी या फारसी कवीच्या ‘गुलिस्ताँ’ या १२५८ सालच्या ग्रंथात ती जवळजवळ अशीच येते. एका मल्लाला ३६० डाव येत होते. त्यातले ३५९ त्याने आपल्या लाडक्या शिष्याला शिकवले. शिष्य शेफारला आणि गुरूपेक्षा आपण कशातच कमी नाही, असं राजापुढे बोलून बसला. राजाने दोघांची कुस्ती लावली. गुरूने राखून ठेवलेला तो एक डाव काढला आणि शिष्याला उचलून आपटलं.

गोष्ट झकास आहे, पण कोल्हापूर-सांगली-पुण्याच्या तालमींचा इतिहास पाहिला की ती मला फार अपुरी वाटते. वस्तादाकडे डावांहून मोठी एक विद्या असते, ती म्हणजे माणसाच्या अंगाची पारख. ती तो पठ्ठ्यासाठी रोज खर्च करत असतो.

तालीम पहाटे जागी होते. मधोमध मातीचा हौद. तांबडी माती बारीक चाळून तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर कालवलेला असतो. पठ्ठा आधी मारुतीपुढे हात जोडतो, वस्तादाच्या पाया पडतो, चिमूटभर माती कपाळाला लावतो आणि मगच हौदात उतरतो. शेकड्यांनी जोर, शेकड्यांनी बैठका झाल्या की लढत सुरू होते. वस्ताद काठावर बसलेला. समजा, एका पोराने ढाक घातला. या डावात समोरच्याला कमरेवर घेऊन उलटवायचं असतं. पोराची पकड घट्ट आहे, दम आहे, तरी समोरचा हलत नाही. वस्ताद उठतो, काहीही न बोलता त्याची कंबर दोन बोटं आत ढकलतो आणि परत जाऊन बसतो. पुढच्या खेपेला समोरचा माणूस हवेत असतो. त्या दोन बोटांच्या अंतरासाठी कुठलंही पुस्तक पुरं पडणार नाही, कारण प्रत्येक पठ्ठ्याची उंची वेगळी, मांडी वेगळी, भीतीसुद्धा वेगळी.

लहान पोराला घडवायचं काम वस्ताद एकटा करत नाही. तो त्याला एखाद्या थोरल्या पठ्ठ्याच्या हवाली करतो. थोरला त्याला खेळवतो, मुद्दाम खाली जातो, सुटायला वाट ठेवतो. त्या बदल्यात धाकटा त्याचं अंग रगडतो, कुंडीत बदाम आणि खसखस घोटून थंडाई करतो. कोणाच्या पोटात काय जातं यावर वस्तादाची नजर असते. खुराकाची ही काळजी आपल्या भूमीत जुनीच आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचवून घेतलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लविनोद नावाचा स्वतंत्र भाग आहे. मल्लांच्या प्रती कोणत्या, त्यांना काय खायला घालावं, मेहनत कशी करून घ्यावी, हे सगळं त्यात सांगितलेलं आहे. त्या काळी खर्च राजाच्या कोठारातून होई. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात पैलवानांना आश्रय दिला, १९१२ साली खासबाग मैदान खुलं केलं, तोवर ही रीत टिकून होती. आज हा भार घरच्यांवर पडतो. पोराच्या दुधातुपासाठी शेतकरी बाप कर्ज काढतो. घरी ओढगस्त असेल तर देणगीदार शोधायला वस्तादच चपला झिजवतो.

पण पारखीची खरी कसोटी लागते ती जोड ठरवताना. गावच्या जत्रेत लहान पोराला हाताला धरून फडात फिरवतात, त्याच्या अंगाचा दुसरा पोरगा मिळाला की रेवड्यांवर कुस्ती लागते. तिथपासून मोठ्या मैदानातल्या नेमलेल्या कुस्तीपर्यंत, आपला पठ्ठा कोणाशी आणि कधी लढणार, हा निर्णय वस्तादाचा. फार लवकर मोठा जोड दिला तर पोराचा खांदा जातो, कधी मनच मोडतं. फार उशीर केला तर उमेदीची वर्षं निघून जातात. पठ्ठा चितपट झाला तर लोक वस्तादाचंच नाव घेतात, म्हणून तो निर्णय कोणी हलक्या मनाने घेत नाही.

या नात्यात जाच नव्हता, असं म्हणणं खोटेपणाचं होईल. वस्तादाचा शब्द अखेरचा. तालीम बदलणारा पठ्ठा वर्षानुवर्षं गद्दार म्हणून ओळखला जाई. दुखणं सांगायला घाबरणारी पोरं दुखण्यासकट लढली आणि कायमची अधू झाली. श्रद्धेच्या पोटी हे झाकून ठेवू नये.

तरीही देणं किती मोठं असतं, ते हरिश्चंद्र बिराजदारांकडे पाहून कळतं. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचा हा पैलवान १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाला. १९७७ साली बेळगावात त्यांनी दिल्लीच्या गुरू हनुमानांचा पठ्ठा सतपाल याला हरवलं. ती कुस्ती जुनी माणसं आजही डावागणिक सांगतात. मैदान सोडल्यावर ते पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत शिकवू लागले. त्यांच्या हाताखाली काका पवार घडले, पुढे अर्जुन पुरस्काराचे मानकरी झाले आणि स्वतः वस्ताद बनले. बीड जिल्ह्यातला राहुल आवारे पोरवयात बिराजदारांकडे आला. २०११ साली बिराजदार गेले, तेव्हा काका पवारांनी त्याला आपल्याकडे घेतलं. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाचं सुवर्ण मिळाल्यावर राहुलने ते बिराजदारांना अर्पण केलं. १९६० चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर यांनीही कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत अशाच पिढ्या उभ्या केल्या.

एकाच वस्तादाचे पठ्ठे फडात एकमेकांशी लढत नाहीत, असा जुना दंडक. स्पर्धेच्या गटवारीपुढे तो चालत नाही. जानेवारी २०२० मध्ये पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्र केसरीच्या अंतिम कुस्तीत नाशिक जिल्ह्याचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके समोरासमोर आले. दोघेही काका पवारांचे पठ्ठे, एका हौदात मेहनत केलेले, एकमेकांची प्रत्येक खोड ठाऊक असलेले. कुस्ती अटीतटीची झाली, हर्षवर्धनने ३-२ अशी जिंकली आणि लगेच शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. कोणीही जिंकलं असतं तरी चांदीची गदा त्याच तालमीत जाणार होती. त्या दिवशी वस्तादाला काय वाटलं असेल, याची कल्पना फक्त दुसरा वस्तादच करू शकेल.

एक दार मात्र फार उशिरा उघडलं. मातीच्या हौदात मुलींना पाय ठेवू द्यायचा नाही, असा नेम कित्येक तालमींनी पाळला. पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली ती २०२३ साली, सांगलीत, आणि ती सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने जिंकली. तालमीत जागा नव्हती तेव्हा अनेक मुलींना पहिले डाव घरीच मिळाले, पैलवान असलेल्या बापाकडून किंवा भावाकडून. आता गावोगावच्या वस्तादांकडे पोरी नाव घालायला येऊ लागल्या आहेत. त्यांचा खुराक कसा बसवायचा, जोड कधी द्यायचा, त्यांच्या अंगाची पारख कशी करायची, हे पन्नाशी-साठी ओलांडलेले वस्ताद पहिल्यापासून शिकत आहेत.