आकाशाची शीव

भूमीवरील सरहद्दीला निदान एखादा दगड, ओढा अथवा वडाचे जुने झाड साक्षीला असते. आकाशातील सरहद्दीला नकाशावरची एक रेषा आणि दोन दप्तरांत ठेवलेला एक करारनामा यांपलीकडे कोणताच आधार नसतो. मुंबईच्या हवाई वाहतूक नियंत्रण केंद्राचा अंमल किनाऱ्यापाशी संपत नाही; अरबी समुद्रावर तो दूरवर पसरला असून कराची, मस्कत, मोगादिशू, सेशेल्स आणि माले येथील केंद्रांच्या हद्दींना जाऊन भिडतो. या शिवेवर प्रत्येक विमानाचा ताबा एका केंद्राकडून दुसऱ्याकडे सुपूर्द करावा लागतो, आणि आत बसलेल्या प्रवाशाला, तो जागा असला तरी, त्याची वार्ताही नसते.

सुपूर्दगीची रीत दिसावयास सोपी आहे. विमान शिवेवर पोहोचण्यापूर्वी ठरावीक अवधी राखून देणारे केंद्र घेणाऱ्या केंद्रास विमानाची संज्ञा, शीव ओलांडण्याचा बिंदू, तेथे पोहोचण्याची अदमासे वेळ आणि उंची कळवते. नियंत्रकांच्या बोलीत याला ‘एस्टिमेट’ देणे म्हणतात. घेणारा ते शब्द पुन्हा उच्चारून कबुली देतो. आता पुष्कळ ठिकाणी हे काम दोन संगणकच परस्पर करतात. मात्र एस्टिमेट देऊन झाल्यानंतर वैमानिकाने अधिक उंची मागितली, देणाऱ्या नियंत्रकाने रास्त विचार करून ती मंजूर केली, आणि त्याच घटकेला अन्य चार विमानांची निकड उपस्थित झाल्यामुळे हा फेरफार पलीकडे कळवावयाचा राहून गेला, की शिवेच्या दोहों बाजूंच्या नोंदींत एकाच विमानाच्या दोन उंची नांदू लागतात.

पूर्वी हे फारसे जाचत नसे, कारण २९,००० फुटांच्या वर दोन विमानांत उभे अंतर २,००० फुटांचे ठेवीत. २७ नोव्हेंबर २००३ पासून आपल्या प्रदेशात २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात ते १,००० फुटांवर आले. वाटा दाटल्या, इंधन वाचले, आणि नजरचुकीला मोकळी असलेली जागा निम्म्याने घटली. अपेक्षित उंचीपासून ३०० फूट वा त्याहून अधिक अंतर पडले तर ते नोंदवावे लागते. या नोंदींचे वर्ग असून केंद्राकेंद्रांतील समन्वयात माणसाच्या हातून राहिलेल्या उणिवांसाठी ‘ई’ हा स्वतंत्र वर्ग आहे. त्यात दाखल होणारे विमान बहुधा निर्दोष असते. वैमानिकाने मिळालेली आज्ञा तंतोतंत पाळलेली असते, त्याचे उंचीमापकही बिनचूक असते. ढळलेली असते ती पलीकडच्या नियंत्रकाची अपेक्षा. या कारभारातील आणखी एक विपरीत गोष्ट अशी की चूक देणाऱ्याच्या हातून घडते आणि उमगते ती घेणाऱ्याला. त्यामुळे प्रत्येक केंद्राला शेजाऱ्याचे दोष आपल्या दोषांहून अधिक परिचयाचे असतात.

शेजारी एकाच छताखाली असला म्हणून धोका टळतोच असे नाही. १० सप्टेंबर १९७६ रोजी झाग्रेबवर दोन विमाने आदळून १७६ माणसे दगावली, तेव्हा चढत्या विमानाचा ताबा मधल्या स्तराच्या नियंत्रकाकडून वरच्या स्तराच्या नियंत्रकाकडे, म्हणजे त्याच दालनातील दुसऱ्या मेजाकडे, जात होता.

परंतु या विषयातील सर्वांत क्रूर प्रसंग १ जुलै २००२ च्या रात्रीचा. दक्षिण जर्मनीतील युबरलिंगेन गावावरचे आकाश जर्मनीचे, पण त्याचा कारभार स्वित्झर्लंडमधील झुरिक केंद्राकडे होता. त्या रात्री झुरिकला दुरुस्तीचे काम चालू होते; दूरध्वनीची मुख्य यंत्रणा बंद होती, पर्यायी मार्गिका बिघडलेली होती, आणि टक्करीची सूचना पडद्यावर दाखवणारी सोयही उपलब्ध नव्हती. सोबती विश्रांतीस गेल्यामुळे एकटा नियंत्रक दोन मेजे सांभाळीत, फ्रिडरिक्सहाफेनला उतरणाऱ्या तिसऱ्याच विमानासाठी तेथील विमानतळाला दूरध्वनी लावण्याच्या खटपटीत गुंतला होता. मॉस्कोहून बार्सिलोनाला निघालेले तुपोलेव, ज्यात बहुसंख्य प्रवासी बश्कीर प्रदेशातील शाळकरी मुले होती, आणि बेर्गामोहून ब्रसेल्सला जाणारे बोइंग मालवाहू, ही दोन्ही ३६,००० फुटांवर एकमेकांच्या वाटेत येत होती.

शेजारच्या कार्ल्सरूह केंद्रात मात्र इशारा वाजला होता. टक्कर सुमारे दोन मिनिटांवर असताना तेथील नियंत्रकाने ती ओळखली आणि झुरिकला अकरा वेळा दूरध्वनी लावून पाहिला. तो लागला नाही, आणि परक्या ताब्यातील विमानाला परस्पर आज्ञा देणे नियमात बसत नव्हते. ज्याला दिसत होते त्याला अधिकार नव्हता, ज्याला अधिकार होता त्याला दिसत नव्हते. अखेर झुरिकच्या नियंत्रकाने तुपोलेवला खाली उतरण्यास सांगितले तेव्हा ४३ सेकंद उरले होते. लगोलग विमानांतील टक्कर टाळणाऱ्या यंत्रांनी त्याच वैमानिकांना वर चढण्यास आणि बोइंगला खाली उतरण्यास फर्मावले. तुपोलेवने माणसाचे ऐकले, बोइंगने यंत्राचे, आणि दोन्ही विमाने उतरत उतरत एकाच बिंदूवर पोहोचली. ७१ जीव गेले.

पुढे यंत्राची आज्ञा नियंत्रकाच्या आज्ञेहून श्रेष्ठ मानावी, हा दंडक निःसंदिग्ध शब्दांत घालून देण्यात आला, आणि २००७ साली स्विस न्यायालयाने नियंत्रण संस्थेच्या चौघा कर्मचाऱ्यांना दोषी ठरवले. माझ्या मते अधिक विचार करण्याजोगा निवाडा त्यापूर्वीचा, २००६ सालचा, कोन्स्टान्झ येथील जर्मन न्यायालयाचा आहे. युबरलिंगेनवरील आकाशाचा कारभार झुरिककडे सोपवण्यास उभय राष्ट्रांत विधिवत असा करारच झालेला नव्हता, असे त्या न्यायालयास आढळले, आणि नुकसानीची जबाबदारी त्याने जर्मन सरकारवर टाकली.