जॅग्वारचे बारा प्लग

1971च्या मार्चमध्ये जॅग्वारने ई-टाइपच्या लांबलचक बॉनेटखाली बारा सिलिंडरचे इंजिन बसवले. 5,343 सीसी, साठ अंशांचा व्ही, दोन्ही बाजूंना सहा-सहा सिलिंडर, ब्लॉक आणि हेड सगळे ॲल्युमिनियमचे. वॉल्टर हॅसन आणि हॅरी मंडी यांची नावे या इंजिनाशी कायमची जोडली गेली आणि त्याच्या मऊ चालीचे कौतुक अजून ओसरलेले नाही. कौतुक करणारे बहुधा गाडी चालवणारे असतात. स्पार्क प्लग बदलणाऱ्याला विचारले तर उत्तर जरा वेगळे येईल. आधीच्या सहा सिलिंडरच्या एक्सके इंजिनात प्लग दोन कॅम कव्हरांच्या मधोमध, वरून सहज दिसतील असे हारीने उभे होते. बारा सिलिंडरच्या इंजिनात ते व्हीच्या घळीत गेले. इनटेकच्या नळ्या कॅम कव्हरांवरून वळून त्याच घळीत उतरतात, पुढच्या अंगाला डिस्ट्रिब्यूटर, मध्ये थ्रॉटलच्या दांड्या, आणि या गर्दीच्या खाली प्लग. 1975च्या एक्सजे-एसमध्ये एअर कंडिशनरचा कंप्रेसर घळीच्या तोंडाशीच आला, त्यामुळे पहिल्या दोन सिलिंडरचे प्लग त्याच्या पोटाखाली गेले. हाताला न येणारा प्लग ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ म्हणून राहून जातो, आणि राहून गेलेला प्लगच पुढे जाम होतो.

जाम होतो म्हणजे नेमके काय होते, हे न समजता पाना लावला की घात होतो. प्लगचे कवच पोलादाचे, त्याचे आटे 14 मिलिमीटर व्यासाचे आणि या इंजिनात सुमारे 19 मिलिमीटर खोल. सव्वा मिलिमीटरच्या पिचने पंधराएक आटे झाले. ते ज्या भोकात बसतात ते ॲल्युमिनियमचे. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटलेले आणि मध्ये थोडी ओल असली की ॲल्युमिनियम झिजू लागते. त्याची जी पांढरी बुकटी होते ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, म्हणजे झीज होऊनही फट मोकळी होण्याऐवजी आवळत जाते. घळीसारख्या जागेत पाणी, तेल, धूळ सगळे साचते, तेव्हा ओलीची कमतरता नसते. हे झाले वरून. खालून कार्बन चढतो. चुकीच्या लांबीचा प्लग बसवला असेल तर हे दुखणे वाढते. लांब प्लगचे शेवटचे आटे ज्वलनकक्षात उघडे पडून त्यांच्यावर कार्बन भाजला जातो, आखूड प्लग असला तर हेडचे खालचे आटे कार्बनने बुजतात. तिसरे कारण माणसाचे. मागच्या खेपेला कोणीतरी टॉमीला लटकून प्लग आवळलेला असतो. म्हणजे जाम प्लगमध्ये हट्ट असा नसतोच, त्यात मागच्या दहा-वीस वर्षांची हयगय साठलेली असते, आणि ती ताकदीने दोन मिनिटांत फेडता येत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की या कामाचे यश हातात आलेल्या प्लगवरून मोजू नये, मागे राहिलेल्या आट्यांवरून मोजावे. पोलाद कडक, ॲल्युमिनियम मऊ. जोर लावल्यावर दोघांपैकी एक हरणार असेल तर ॲल्युमिनियमच हरणार. प्लग ही फेकून देण्याचीच वस्तू, हेड मात्र जन्माचे. आणि या इंजिनात हेडचा प्रश्न आणखी वाकडा आहे. आटे गेले तर हेड उतरवून नीट काम करून घेऊ, असे म्हणणे सोपे असते, पण जॅग्वारच्या या व्ही-12ची हेडच उतरायला तयार नसतात. हेड ज्या पोलादी स्टडवर बसते ते स्टड हेडच्या ॲल्युमिनियममध्ये नेमके याच कारणाने, याच बुकटीने जखडतात. हे दुखणे इतके ठाऊक आहे की हेड वर ओढून काढण्यासाठी लोक खास पुलर बनवून घेतात. एका प्लगची घाई अशी थेट त्या स्टडपर्यंत नेऊन सोडते.

यावर गॅरेजमधला पहिला आक्षेप ठरलेला असतो. इंजिन गरम करा, ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगते, भोक मोठे होईल आणि प्लग निघेल. निम्मे बरोबर आहे. ॲल्युमिनियमचे प्रसरण पोलादाच्या जवळजवळ दुप्पट असते, साधारण 23 विरुद्ध 12, मीटरमागे दर अंशाला मायक्रोमीटरमध्ये. आता हिशेब मांडा. 14 मिलिमीटरचा व्यास, तापमानात 80 अंशांची वाढ, फरक निघतो मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाइतका. केसाच्या जाडीहून कितीतरी कमी. या एवढ्याशा फटीच्या मोबदल्यात आपण ॲल्युमिनियम आणखी मऊ करून घेतो आणि कोरड्या, करकरणाऱ्या पोलादी आट्यांना ते ओरबाडायला देतो. गरम-थंड करण्याचा खरा उपयोग वेगळा आहे. दोन धातू कमी-जास्त फुगतात आणि आकसतात, त्यात मधली खपली तडकते आणि झिरपणाऱ्या (पेनिट्रेटिंग) तेलाला आत शिरायला वाट मिळते. इंजिन तापवावे, निवू द्यावे, तेल सोडावे, पुन्हा हेच करावे. पाना फिरवायचा तो निवल्यावर.

हे केवळ पुस्तकी शहाणपण नव्हे, याला एका मोठ्या कंपनीची साक्ष आहे. 2005 ते 2008च्या फोर्ड मस्टँग जीटीमध्ये तीन व्हॉल्व्हचे 4.6 लिटरचे व्ही-8 इंजिन होते. त्याचे प्लग दोन तुकडे जोडून बनवलेले, आट्यांच्या खाली लांब नळकांडे. त्या नळकांड्याभोवती कार्बन धरला की प्लगचा वरचा भाग हातात यायचा आणि खालचा भाग हेडमध्येच राहायचा. फोर्डने (तेव्हा जॅग्वारही फोर्डचीच होती, 2008मध्ये ती टाटांकडे आली) मेकॅनिकांसाठी जी पद्धत काढली ती वाचण्यासारखी आहे. इंजिन खोलीच्या तापमानाला आलेले हवे, गरम हेडमधून प्लग काढू नका. आधी हवा मारून भोक साफ करा. प्लग फक्त एक अष्टमांश ते पाव फेरा सैल करा. त्यावर अर्धा-पाऊण चमचा कार्ब्युरेटर क्लीनर सोडा आणि कमीत कमी पंधरा मिनिटे हात लावू नका. मग आवळा, सैल करा, पुन्हा आवळा, पुन्हा सैल करा, जोर कमी लागू लागेपर्यंत. तिथे अडकणारा भाग वेगळा होता, जॅग्वारमध्ये वेगळा आहे, हे खरे. तरी निष्कर्ष तोच निघाला, आणि तो वेळेची किंमत जाणणाऱ्या, तासावर मजुरी मोजणाऱ्या कंपनीने काढला. त्यामुळे ‘एवढा वेळ कोणाकडे आहे’ हा दुसरा आक्षेप मला फार टिकणारा वाटत नाही.

ई-टाइपवर हेच काम करताना सगळ्यात जास्त वेळ घळ साफ करण्यात जातो, आणि जाऊ द्यावा. वायरींवर नंबर घालून त्या काढाव्या. प्लगच्या बुडाशी बसलेली वाळू, गंजाची पापडी, जुन्या गॅस्केटचे कण हवेने उडवावे किंवा ओढून घ्यावे, कारण प्लग सुटताच ते सगळे पिस्टनवर पडण्याच्या वाटेवर असते. मग तेल सोडून रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी रॅचेट लावताना एक्स्टेंशन प्लगच्या रेषेत सरळ राहील याची काळजी घ्यावी. युनिव्हर्सल जॉइंट जास्त वाकला की जोर बाजूला जातो, आणि चिनी मातीचा मधला भाग तडकतो. पहिला कडकन आवाज आला की प्लग बैठकीवरून सुटला एवढेच कळते, पंधरा आटे अजून बाकी असतात. आता पाव फेरा मागे. जड लागले की त्यातला अर्धा पुन्हा आत. नुसते जड लागणे आणि खरखरत जड होत जाणे यांतला फरक मनगटाला कळतो. खरखर म्हणजे सुटलेली बुकटी आट्यांमध्ये दळली जाते आहे. तिथे थांबावे, तेल द्यावे, पुन्हा आत फिरवावे. बाहेर काढायचा प्लग आत फिरवणे मूर्खपणाचे वाटते, पण आट्यातला कचरा मागे ढकलला जातो तो त्यानेच. पानाला लांब नळी जोडणारा ही खरखर ऐकूच शकत नाही, आणि इम्पॅक्ट गन लावणाऱ्याला तर ती ऐकण्याची संधीही मिळत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. आटे गेलेच तर हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी आहे, पोलादी बुश आहे, काही वेळा दुरुस्त आटे मूळच्यापेक्षा मजबूत होतात, मग एवढा बाऊ कशाला? मजबुतीचा मुद्दा मान्य. पण त्यासाठी नवे आटे पाडणारा टॅप फिरवायचा तर तो सरळ उतरला पाहिजे, आणि इनटेकच्या नळ्यांच्या मध्ये, डोळ्याला न दिसणाऱ्या तिरप्या भोकात तो सरळ उतरवणे अवघड. टॅपने कातलेला ॲल्युमिनियमचा कीस सिलिंडरमध्ये पडतो आणि तो चुंबकाला धरत नाही. टॅपला ग्रीस फासून, दर काही फेऱ्यांनी बाहेर काढून, पुसून काम करतात. तरी थोडा कीस राहतोच, तो हवेने बाहेर काढावा लागतो. शिवाय प्लग आपली बरीचशी उष्णता बैठकीतून आणि आट्यांतून हेडला देत असतो. मध्ये आणखी एक तुकडा बसला आणि तो नीट बसला नसेल तर ही वाट बिघडते. दुरुस्ती आहे, चांगली आहे, पण तिच्या भरवशावर जोर लावणे म्हणजे खर्च पुढे ढकलणे.

नवा प्लग बसवताना आट्यांना अँटीसीझ, म्हणजे ते जखडू नयेत म्हणून लावायचे वंगण, फासावे का, यावर गॅरेजांमध्ये आजही वाद होतात. जुन्या, उघड्या पोलादाच्या प्लगांना त्याचा उपयोग होत असे. आता बहुतेक प्लगांच्या आट्यांवर धातूचा मुलामा असतो, आणि एनजीकेसारखे उत्पादक ते फासू नका म्हणतात. वंगणाने आटे घसरते होतात, टॉर्क रेंच तोच आकडा दाखवतो आणि प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. वॉशरवाल्या 14 मिलिमीटरच्या प्लगला ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये साधारण 25 ते 30 न्यूटन-मीटर पुरतात. रेंच आत मावत नसेल, आणि एक्सजे-एसच्या पहिल्या दोन सिलिंडरांवर तो मावणारच नाही, तर प्लग रबरी नळीच्या तुकड्यात धरून बोटांनी बसेपर्यंत फिरवावा, मग पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. आटा वाकडा धरला तर रबरी नळी प्लगवर घसरते आणि हेड वाचते.