खाऱ्या पाण्यातील प्राणवायू

गोड्या पाण्यातील मासे सांभाळण्यात हात बसलेला गृहस्थ जेव्हा हौसेने समुद्री माशांची काचपेटी घरी आणतो, तेव्हा क्षारांचे प्रमाण तो काटेकोरपणे मोजतो. परंतु खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो, ही गोष्ट त्याच्या ध्यानात क्वचितच येते. 25 अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे 8.2 मिलिग्रॅम प्राणवायू सामावतो, तर तितक्याच समुद्रजलात जेमतेम 6.7, आणि उन्हाळ्यात पाणी तापले, म्हणजे हा अल्प साठाही घटतो.

बुडबुड्यांतूनच पाण्यास प्राणवायू मिळतो, हा समज बव्हंशी चुकीचा आहे. वायूंची खरी देवघेव पृष्ठभागावर होते, आणि तळचे पाणी वर आणून तो पृष्ठभाग हलता ठेवणे, हेच बुडबुड्यांचे मुख्य कार्य होय. म्हणून पंपाचा प्रवाह वरच्या दिशेस वळवावा, पाण्यावरील तेलकट तवंग काढीत जावा, आणि घट्ट झाकणाऐवजी जाळी वापरावी.

रात्री शेवाळही प्राणवायू घेऊ लागते. त्यामुळे पहाटे मासे वर येऊन कल्ले जलद हलवीत असतील, तर ती भूक नव्हे, घुसमट समजावी. वीज खंडित झाल्यास उपयोगी पडेल असा बॅटरीवरचा हवेचा पंप जवळ बाळगण्याची तजवीज वाचकांनी अवश्य करावी.