हळदीचं पेटंट भारताने रद्द करून घेतलं, पण शुगरच्या जखमेवर हळद लावावी का?

बोट कापलं की हळद लाव. गुडघा खरचटला की हळद लाव. सांगली-साताऱ्यात हे कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय टॅग मिळाला. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात तर जमिनीत पेवं खणून त्यात हळद साठवायची पद्धत होती. 2005 च्या महापुरात यातली बरीच पेवं खराब झाली, पण सांगली आणि हळद हे समीकरण काही तुटलं नाही.

त्यामुळे घरात कुणाला शुगर असेल आणि पायाला जखम झाली, तर पहिला हात हळदीच्या डब्याकडेच जातो. त्यात सध्या मोबाईलवर चिनी मलमांचे व्हिडिओही फिरत असतात. मधुमेहाची जखम पंधरा दिवसांत गायब, असा त्यांचा दावा.

यात खरं किती आणि धोका कुठे? नीट समजून घेऊ.

आधी पेटंटचा किस्सा

मार्च 1995 मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला एक पेटंट मिळालं. विषय होता, जखम भरण्यासाठी हळदीचा वापर. जे आपल्या आजीला माहीत होतं, त्यावर अमेरिकेत मालकी सांगितली गेली.

तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. मूळचे गोव्यातल्या माशेलचे, शिकले मुंबईत. त्यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने या पेटंटला आव्हान दिलं. पुरावा म्हणून जुने ग्रंथ आणि शोधनिबंध असे 32 संदर्भ दिले. त्यात 1953 सालचा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला एक लेखही होता. 1997 साली पेटंट ऑफिसने भारताची बाजू मान्य केली आणि पेटंट रद्द झालं.

इथेच एक गल्लत होते. पेटंट ऑफिसने विचारलेला प्रश्न होता, "हे नवीन आहे का?" उत्तर आलं, "नाही, भारतात हे आधीपासून माहीत आहे." हळदीने जखम किती भरते, कुणाची भरते, याचा निकाल त्या खटल्यात लागलाच नाही. म्हणजे ती लढाई ज्ञान कुणाचं याची होती, औषध किती चालतं याची नव्हती.

शुगरची जखम वेगळी का असते?

साधी जखम भरते कशी, ते बघा. कारखान्यात पाळ्या असतात तशा इथेही दोन पाळ्या असतात. पहिल्या पाळीतल्या पेशी जंतू मारतात, घाण साफ करतात. मग दुसरी पाळी येते आणि नवीन मांस, नवीन कातडी तयार करते.

मधुमेहात पहिली पाळी सुटतच नाही. सूज राहते, साफसफाई चालूच राहते आणि बांधकाम सुरू होत नाही. म्हणून जखम महिनोन्‌महिने ओली राहते.

त्यात आणखी दोन अडचणी. एक, पायाच्या नसा बधिर होतात. उसाच्या सरीत अनवाणी चालताना काटा रुतला, पाचटाने कापलं किंवा नवीन चप्पल चावली, तरी कळत नाही. आषाढात ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंद, फलटणमार्गे जाते. त्या वाटेवर अनवाणी चालणाऱ्याच्या पायाला फोड आला आणि तो दुखलाच नाही, तर माणूस त्याच पायावर पुढचा मुक्कामही गाठतो. दोन, पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असू शकतात. रक्तच पोहोचत नसेल, तर वरून काहीही लावा, बांधकामाचं सामान येणार कुठून?

भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या 10 कोटींच्या वर आहे, असा अंदाज आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीतून 2023 मध्ये पुढे आला. म्हणजे हा प्रश्न जवळपास प्रत्येक भावकीतला आहे.

चिनी औषधात नेमकं काय असतं?

चीनमध्येही जखमेच्या मलमांची परंपरा जुनी आहे. 'शंगजी' म्हणजे मांस वाढवणारं, अशा नावाची मलमं तिथे शेकडो वर्षं वापरली जातात. त्यातलं एक प्रसिद्ध मलम मिंग राजवटीतल्या 1617 सालच्या शस्त्रक्रियेच्या ग्रंथात आहे. त्यात तिळाचं तेल, मेण, ज्येष्ठमध, काही मुळं असतात आणि पाऱ्याचा एक क्षारही असतो.

ओळखीचं वाटलं ना? आपल्या आयुर्वेदातल्या जात्यादी तेलातही तिळाचं तेल, मेण, जाईचा पाला, कडुनिंब, हळद असते आणि सोबत मोरचूदही. सुश्रुतसंहितेत तर व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत. दोन्हीकडच्या वैद्यांनी एकाच दुखण्यावर डोकं लावलं होतं.

पण "नैसर्गिक आहे म्हणजे अपाय नाही" हे इथेच खोटं ठरतं. पारा आणि मोरचूद ही वैद्याच्या हातात मोजून-मापून, शुद्ध करून वापरायची द्रव्यं आहेत. ऑनलाइन मागवलेल्या, लेबल वाचता न येणाऱ्या डबीत ती किती आहेत, हे कोण सांगणार?

तैवानचं क्रीम आणि आपल्या कुंडीतला पानओवा

वनौषधींचं सगळंच भोंगळ आहे असंही नाही. तैवानमध्ये 2021 साली मधुमेही पायाच्या जखमेसाठी एका क्रीमला मान्यता मिळाली. ते दोन वनस्पतींच्या अर्कांपासून बनतं. एक म्हणजे पानओवा, ज्याची भजी आपण पावसाळ्यात खातो. दुसरी मंडूकपर्णी, जी बाजारात बऱ्याचदा ब्राह्मी म्हणून विकली जाते.

या क्रीमची चाचणी तैवान, चीन आणि अमेरिकेत मिळून 236 रुग्णांवर झाली. 16 आठवड्यांत क्रीम लावलेल्यांपैकी 60.7 टक्के रुग्णांची जखम पूर्ण भरली. नेहमीचं आधुनिक ड्रेसिंग केलेल्यांमध्ये हे प्रमाण 35.1 टक्के होतं. हे क्रीम अडकलेली पहिली पाळी संपवून दुसरी सुरू करायला मदत करतं, असं संशोधकांचं म्हणणं आहे.

आकडे चांगले आहेत, पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. ही चाचणी निवडक रुग्णांवर झाली, फार खोल, हाडात जंतू शिरलेल्या जखमा त्यात नव्हत्या. क्रीमसोबत डॉक्टरांची देखरेख आणि जखमेची नियमित सफाई होतीच. आणि कारखान्यात ठरलेल्या प्रमाणात काढलेला, जंतुविरहित अर्क वेगळा, कुंडीतलं पान वाटून केलेला लगदा वेगळा.

म्हणूनच मधुमेही पायावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने 2023 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सावध भूमिका घेतली. केवळ जखम भरावी म्हणून वनौषधीयुक्त ड्रेसिंग किंवा लेप वापरू नयेत, असं त्यांनी सांगितलं. मधाबद्दलही त्यांचा सल्ला तोच आहे.

मग हळदीचं काय?

हळदीतलं कुरकुमिन सूज कमी करतं, हे प्रयोगशाळेत वारंवार दिसलं आहे. पण डब्यातल्या हळदीत ते थोडंच असतं. ती हळद जमिनीतून निघते, उकडली जाते, उघड्यावर वाळते, दळली जाते. भाजीत ती उकळते, त्यामुळे चालून जातं. उघड्या जखमेवर मात्र तिच्यासोबत धूळ आणि जंतूही जातात. शिवाय पिवळ्या थराखाली जखम लाल झाली की काळी, पू आहे की नाही, ते दिसतच नाही. सगळ्यात मोठं नुकसान म्हणजे वाया गेलेले दिवस. बोट किंवा पाय वाचण्याची संधी बऱ्याचदा याच दिवसांत हातची जाते.

घरात शुगर असेल तर एवढं करा

- रोज रात्री पाय बघा. तळवा दिसत नसेल तर आरसा धरा किंवा घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा.
- शेतात, अंगणात, देवळाच्या आवारात अनवाणी चालू नका. बधिर पायांसाठी मऊ रबराची एमसीआर चप्पल मिळते, डॉक्टरांना विचारा.
- बूट घालण्याआधी आत हात घालून खडा, खिळा तपासा.
- गरम पाण्यात पाय बुडवू नका. चटका बसलेला कळणार नाही.
- जखम दिसली की स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ कापड बांधा, त्या पायावर भार देणं थांबवा आणि डॉक्टर गाठा.
- सूज, काळेपणा, घाण वास, ताप यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात जा.
- आयुर्वेदिक उपचार घ्यायचे असतील तर नोंदणीकृत वैद्यांकडूनच घ्या आणि शुगरच्या डॉक्टरांनाही ते सांगा. गोळ्या, इन्सुलिन मनाने बंद करू नका.

यातला भार न देण्याचा मुद्दा सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. जखमेवर लाखाचं मलम लावलं आणि त्याच पायाने दिवसभर शेतात फिरलं, तर ती भरणार नाही. पायावरचा दाब काढणं, शुगर आटोक्यात ठेवणं, जंतुसंसर्ग थांबवणं आणि रक्तपुरवठा तपासणं, उपचार या चार गोष्टींवर उभा असतो. मलम त्यानंतर येतं.

हळदीवरचा आपला हक्क 1997 मध्येच सिद्ध झालाय. तो दाखवायला शुगरच्या जखमेवर हळद दाबायची गरज नाही. हा लेख घरातल्या ग्रुपवर टाका आणि आज रात्री शुगर असलेल्या माणसाचे तळपाय एकदा बघून घ्या.